उलट वाटेनं येणारं रक्त

उदगीर, १४ मे १९८६

ह्यांचा उजवा हात गेला, असंच मला सकाळी कुणीतरी दारात येऊन सांगितलं. गेलेला नाही, आहे. पण टॉवेल सोडल्यावर जे दिसलं त्याला हात म्हणवत नाही. मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंत वरचं कातडं नाही. आत पांढऱ्या दोऱ्या दिसतात. बोटं हलवायचा प्रयत्न केला की त्यातल्या दोनच हलतात.

जळकोट रस्त्याच्या एका तांड्यावर हातपंप बंद पडला होता. दुष्काळाचं दुसरं वर्ष, तांड्याला दुसरं पाणी नाही. हे आणि ग्यानोबा पहाटेच हातपंप दुरुस्ती पथकाची जीप घेऊन गेले. खालचे पाइप उपसून वर घेताना क्लॅम्पमधून पाइप निसटला. पाइपांची सगळी माळ खाली गेली आणि जाताना ह्यांच्या हाताची पाठ लोखंडाच्या काठाशी चिरडून, सोलून गेली.

ग्यानोबानंच आणलं. मी काही विचारायच्या आधीच म्हणाला, ‘‘माझ्याच हातून सुटला, वहिनी.’’

न विचारता कुणी असं सांगतं का? सात वर्षं दोघं एकत्र काम करतात, निलंग्याकडचा माणूस, आमच्या घरी कैक वेळा जेवलाय. तरी मला त्याचं ते घाईनं बोलणं खटकलं. मेकॅनिकची कायम जागा एकच निघणार आहे आणि तिच्यावर हक्क ह्या दोघांचाच. हात नसलेल्या माणसाला ती कोण देणार?

जीपमधून तांड्याची एक बाई ह्यांचं डोकं मांडीवर धरून आली होती. तिचं सारखं चाललं होतं, ‘‘हे पडले की त्यो दुसरा जीपकडून पळत आला बाई, डोक्याचा टावेल सोडून बांधला.’’ टॉवेल किती मळका होता ते मी बघितलं. ग्रीसचे डाग होते त्याच्यावर.

सासूबाई घाबरल्या की कानडीवर जातात. ‘‘एन आयितु, एन आयितु,’’ काय झालं, काय झालं, एवढंच म्हणत ओसरीवर बसल्यात. पोरीला त्यांच्याजवळ ठेवून उद्या लातूरला निघते.

लातूर, १६ मे

जिल्हा झाल्याला अजून चार वर्षं पुरी नाहीत. जिकडे तिकडे नव्या पाट्या, नवी कार्यालयं, उस्मानाबादेहून आलेली माणसं आणि अजून तिकडेच अडकलेली माणसं. ग्यानोबाचंही नाव अजून तिकडच्या आस्थापनेवर आहे. इथल्या जागेसाठी त्याची धडपड आपल्याला माहीत नाही असं थोडंच आहे.

इथल्या मोठ्या डॉक्टरांनी हात बघितला. मला बाजूला घेऊन सरळ म्हणाले, ‘‘बाई, उघड्या दोऱ्या सुकल्या की मरतात. मग हात मनगटातून काढावा लागेल. नांदेडला एक मुंबईहून शिकून आलेला डॉक्टर आहे, तो कातडं बसवतो म्हणतात. जायचं तर आजच जा.’’

म्हणतात, म्हणाले. त्यांनी स्वतः बघितलेलं नाही.

ह्यांना विचारलं. ताप होता. ‘‘जाऊ,’’ म्हणाले. मग विचारलं, ‘‘ग्यानोबा काय म्हणाला?’’

‘‘काय म्हणणार? हातून सुटला म्हणाला.’’

ह्यांनी डोळे मिटले. असा भाबडा माणूस. ज्यानं हात घालवला त्याचीच विचारपूस.

नांदेड, १८ मे

कंधारच्या स्टँडवर गाडी खूप वेळ थांबली, तेव्हा जखमेवर माशा बसू नयेत म्हणून पदरानं वारा घालत बसले होते. इथं आल्यावर जागा मिळाली. डॉक्टरचं नाव मुखेडकर. वय तिशीच्या आसपास, चष्मा, बोलताना समोरच्याकडे बघत नाही, हाताकडेच बघतो.

त्यानं ह्यांचं मनगट दोन्ही अंगठ्यांनी दाबून धरलं आणि मूठ उघडझाक करायला सांगितली. बोटं धड मिटत नव्हती तरी केली. तळवा पांढराफटक पडला. मग त्यानं करंगळीकडचा अंगठा सोडला. तळव्यावर बघता बघता लाली चढली. ‘‘छान,’’ म्हणाला. कसलं छान ते आम्हाला सांगितलं नाही. मग शाईनं ह्यांच्या त्याच हाताच्या कोपराखाली, चांगल्या कातड्यावर, एक मोठं पान काढावं तसा आकार काढला आणि फोटो काढला.

मी म्हटलं, ‘‘जखम खाली आहे. तुम्ही वर काय काढताय?’’

तेव्हा बोलला. म्हणे कोपराखालचं कातडं, त्याच्या खालच्या चरबीसकट, उचलायचं. त्याला रक्त देणारी नाडी अंगठ्याच्या बाजूनं जाते, जी वैद्य बघतात तीच. ती वरून तोडायची, खालून जोडलेलीच ठेवायची आणि सगळा तुकडा फिरवून हाताच्या पाठीवर बसवायचा.

‘‘वरून तोडली तर रक्त कुठून येणार?’’

‘‘करंगळीकडच्या नाडीतून तळव्यात येतं, तिथून वळून उलट वाटेनं ह्या तुकड्यात येईल. म्हणून तर दाबून बघितलं.’’

उलट वाटेनं. खोलीत आल्यावर मी माझं मनगट तसंच दाबून बघितलं. पांढरं पडलं, सोडल्यावर लाल झालं. डॉक्टर खोटं नाही सांगत. पण खरं आहे म्हणून ते ह्यांच्यावरच करून बघायचं का? एक हात मोडलाय, त्याचाच चांगला राहिलेला भाग कापायचा आणि मांडीचं कातडं काढून तिथं ठिगळ लावायचं. एका जखमेच्या तीन जखमा.

१९ मे

आज सरळ विचारलं. ‘‘डॉक्टरसाहेब, असली ऑपरेशनं तुम्ही किती केलीत?’’

‘‘मुंबईत पुष्कळ पाहिलीत.’’

पाहिलीत, म्हणाला. केलीत नाही म्हणाला. मी शाळेत शिकवते. पोरगं ‘अभ्यास झाला’ म्हणतं की ‘अभ्यास केला’ म्हणतं, त्यावरून मला कळतं. वॉर्डातल्या सिस्टरला खोदून विचारलं तर तीही खिडकीबाहेर बघायला लागली.

दुसरा उपाय आहे. हात पोटाला शिवून ठेवायचा, तीनेक आठवडे, मग सोडवायचा. तो जुना आहे, इथं झालेला आहे. डॉक्टर म्हणतो, त्यात हात खाली लोंबतो, सुजतो, बोटं आखडतात. ह्यांची आधीच आखडलेली आहेत. मी म्हटलं पोटाचंच करू. हे म्हणाले, ‘‘हातच जाणार असंल तर जाऊ दे. पण बोटं राहिली तर ह्याच ऑपरेशननं राहतील असं डॉक्टरसाहेब म्हणतात. करू दे त्यांना.’’

एवढे लगेच कसे तयार झाले? शिक्षा भोगायला निघाल्यासारखं बोलतात. मी संमतीवर सही केली. पेन टेकवताना वाटलं, हा माणूस माझ्या नवऱ्यावर हात साफ करून घेणार आहे.

ग्यानोबा आला होता. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन. इथं वॉर्डात पाणी एकदाच येतं, तेही गढूळ. कुठल्या तरी विहिरीवरून भरून, कुणाच्या तरी घरी उकळून आणलं म्हणाला. मी कॅन घेतले आणि तो गेल्यावर त्या पाण्यानं खाटेखालची फरशी धुतली. प्यायला देववेना. शेजारच्या खाटेची म्हातारी बघत राहिली. ‘‘एवढं पाणी, बाई?’’ म्हणाली.

हे डोळे उघडून बघत होते. फक्त म्हणाले, ‘‘त्याला काही बोलू नको.’’

२१ मे

आत नेलं. दंडाला सुई देऊन हातच बधिर केलाय, म्हणजे माणूस जागा. दुपार टळली तरी दार बंद. मी पायऱ्यांवर. ग्यानोबा समोरच्या लिंबाखाली उभा, मी बोलावलं नाही, तो आला नाही.

बाहेर आले तेव्हा हात गाठोड्याएवढ्या कापसात. डॉक्टरचा सदरा घामानं पाठीला चिकटलेला. ‘‘झालं,’’ म्हणाला. बाकी काही नाही.

२२ मे

मला वाटलं होतं तेच.

सकाळी पट्टीत ठेवलेल्या खिडकीतून दिसणारा तुकडा गुलाबी होता. दुपारी तो जांभळट झाला, मग वांग्यासारखा. फुगलाही. सिस्टर धावत गेली. डॉक्टर आला, बोटानं दाबून बघितलं, त्याचा चेहरा उतरला. तिथंच, खाटेवरच, त्यानं टाके उसवायला घेतले. मनगटापाशी कातडं उघडं केलं. काळं रक्त आलं. मी ओरडले, ‘‘आता काय राहिलंय कापायला?’’ मला बाहेर काढलं.

नंतर तो तिथंच स्टुलावर बसून राहिला. ह्यांचा हात उशीवर उंच ठेवून, दर थोड्या वेळानं कापसानं पुसत. जेवायलाही गेला नाही. मी म्हणते, बसेल नाहीतर काय करेल? तुकडा मेला तर नाव कुणाचं जाईल?

२४ मे

रंग परत आला. अगदी पहिल्यासारखा नाही, पण काळा नाही. कडेची एक चिंचोळी पट्टी तेवढी सुकली. डॉक्टर म्हणतो तुकडा वाचला.

मग त्यानं जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, पुढेमागे कुणी विचारलं तर असावं.

म्हणाला, ‘‘चूक माझी होती. नाडी कातड्याखालून ज्या वाटेनं नेली ती वाट मी अरुंद ठेवली. रक्त येत होतं, परत जायला जागा नव्हती. पहिल्यांदाच उघडी ठेवायला हवी होती. आणि बाई, तुम्ही विचारलं होतं ना? एकट्यानं केलेलं हे माझं पहिलंच. तेव्हाच सांगायला हवं होतं.’’

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी काय म्हणत होते? मी पहिल्या दिवसापासून काय म्हणत होते? त्याला तोंडावर बोलले, ‘‘म्हणजे आमच्या हातावर शिकलात!’’

‘‘हो,’’ म्हणाला. मान खाली घालून उभा राहिला.

हे मात्र त्याच्याकडे टक लावून बघत होते. म्हणाले, ‘‘साहेब, तुम्ही हे सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं का?’’

‘‘नसतं कळलं.’’

‘‘मग का सांगितलं?’’

तो चष्मा पुसत बसला. म्हणाला, ‘‘उद्या पुन्हा तुमच्याच हाताला हात लावायचाय. मनात चोर ठेवून कसा लावू?’’

हे त्यानंतर दिवसभर बोलले नाहीत. मला वाटलं डॉक्टरवर चिडलेत.

२७ मे

पथकाचे साहेब लातूरहून जीपनं आले. ह्यांचा जबाब घ्यायचा होता. पाइपावर दोन माणसं असल्याशिवाय उपसायचा नाही असा नियम आहे, म्हणून नक्की काय झालं ते विचारायचं होतं.

साहेब म्हणाले, ‘‘ग्यानोबा म्हणतो त्याच्या हातून क्लॅम्प सुटला. बरोबर?’’

ह्यांनी उत्तर दिलं नाही. मला वाटलं दोस्तीखातर गप्प आहेत. मग मीच बोलले. सगळं बोलले. कायम जागेचं बोलले, त्यानं न विचारता कबुली दिली ते बोलले, हातून सुटला की सोडला हे ज्याचं त्याला ठाऊक असंही बोलले. साहेबांनी ह्यांना पुन्हा विचारलं, ‘‘विरूपाक्ष, बाईंचं म्हणणं बरोबर आहे का?’’

ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

साहेब म्हणाले, ‘‘ठीक आहे, समजलं.’’

मलाही समजलं. मित्राविरुद्ध बोलायला ह्यांची जीभ रेटत नाही. म्हणून कुणीतरी बोलायला हवंच होतं.

४ जून

परवा बातमी आली. ग्यानोबाला पथकावरून काढलं आणि उस्मानाबादेकडे परत धाडलं. तिकडेही त्याला हजर करून घेत नाहीत म्हणे. सध्या घरीच आहे.

मला बरं वाटायला हवं होतं. ह्यांनी भाकरी बाजूला सारली. ‘‘भूक न्हाई.’’ दोन दिवस हेच चाललंय. डॉक्टर म्हणतो अन्न नसेल तर जखम कशी भरणार. साहेब येऊन गेले त्या दिवसापासून ग्यानोबानं पाणी आणणं बंद केलं, हेही लिहून ठेवते. खरी माया असती तर आला असता.

९ जून

आज सगळ्या पट्ट्या काढल्या. हाताच्या पाठीवर कोपराखालचं कातडं बसलंय, जाडसर, उशीसारखं, आणि त्याच्यावर बारीक केसही आहेत. कोपराखाली मांडीच्या कातड्याचं जाळीदार ठिगळ. विचित्र दिसतं. पण ऊन आहे. मी हात लावून बघितला, ऊन आहे.

डॉक्टरनं व्यायाम लावून दिलाय. कोमट पाण्यात हात बुडवायचा, एकेक बोट वाकवायचं. दुखतं. घाम फुटतो. तर्जनी आणि मधलं नीट येतं, उरलेल्या दोन बोटांच्या दोऱ्या सहा महिन्यांनी बघू म्हणाला. मी परातीशी बसून बोटं धरत होते. धीर द्यायचा म्हणून म्हटलं, ‘‘ग्यानोबाचं तळपट होवो, ही वेळ आणली त्यानं.’’

ह्यांनी हात पाण्यातून ओढून घेतला.

‘‘तो तिथं नव्हता.’’

‘‘कुठं नव्हता?’’

‘‘पाइपाशी. मी एकटा होतो.’’

म्हणाले, क्लॅम्पचे दात झिजलेले होते. ग्यानोबा म्हणाला, थांब, जीपमधून दुसरा आणतो. त्यो येईस्तोवर हात लावू नको. बायका पहाटेपासून घागरी घेऊन उभ्या होत्या, कुणीतरी म्हणालं, मिस्त्री, किती येळ? तेव्हा ह्यांनी, एवढं काय, म्हणून एकट्यानंच पाइप उपसायला घेतला. निसटला.

‘‘मग तो का म्हणाला त्याच्या हातून सुटला म्हणून?’’

‘‘एकट्यानं उपसला हे कळलं असतं तर माझी नोकरी गेली असती. जीपमध्ये मी शुद्धीत नव्हतो. त्यानं आपलं आपण ठरवलं.’’

‘‘आणि तुम्ही शुद्धीवर आल्यावर?’’

ह्यांनी ओला हात पोटाशी घेतला.

‘‘साहेब समोर बसले होते तेव्हा?’’

‘‘तू बोलत होतीस,’’ म्हणाले.

मी उठले. परातीतलं पाणी तसंच ठेवून बाहेर जाऊन उभी राहिले. मला ह्यांचा राग आला की माझा, ते अजून कळत नाही. सबंध महिना मी उदगीरपासून नांदेडपर्यंत प्रत्येकावर शक घेतला. ज्या माणसाच्या उशाशी बसले होते तेवढा एकच सोडला.

१६ जून, लातूर

डॉक्टरनं सोडल्यावर आधी उदगीरला गेलो नाही. ह्यांनी स्टँडवर उतरताच साहेबांच्या कार्यालयाची वाट धरली.

साहेबांसमोर उभं राहून सांगितलं. ‘‘ग्यानोबा पाइपाला नव्हता. मी एकट्यानं उपसला. त्यानं नको म्हटलं होतं.’’ एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

साहेब माझ्याकडे बघून म्हणाले, ‘‘बाई, तुम्ही त्या दिवशी केवढं ठासून बोललात.’’

‘‘हो. मला माहीत नव्हतं ते मी माहीत असल्यासारखं बोलले.’’

साहेबांनी ह्यांचा नवा जबाब लिहून घेतला. मग निकाल सांगितला. कायम जागा विसरायची. पंपावर जायचं नाही. हात चालायला लागला तर भांडारात सामान मोजायला या, तेही साहेबांच्या जबाबदारीवर. ग्यानोबाला परत बोलावतो म्हणाले.

बाहेर आल्यावर ह्यांनी नळावर तोंड धुतलं. नळाला पाणी नव्हतं, चार थेंब आले. तेवढेच डोळ्यांना लावले.

२२ जून

निलंग्याहून पुढे ग्यानोबाच्या गावी गेलो. अजून आभाळ कोरडं. शेतं उघडी पडलेली. ग्यानोबा दारात बाज विणत बसला होता. आम्हाला बघून उठला, ह्यांचा हात हातात घेतला, उलटसुलट केला, जाड कातडीवर अंगठा दाबला.

‘‘गरम हाय की रं.’’

‘‘हाय.’’

त्याच्या बायकोनं, साखराबाईनं, आम्हाला पोतं टाकून दिलं, पण तोंडाकडे बघितलं नाही. मला वाटलं माझ्यावरच्या रागानं. मी तिच्या पुढ्यात बसून म्हटलं, ‘‘माझी चूक झाली. त्यांच्या हातून काही सुटलं नव्हतं. ते तिथं नव्हतेच. ह्यांनी साहेबांना सांगितलंय.’’

तिनं मान वर केली. माझ्याकडे नाही, ग्यानोबाकडे बघितलं.

‘‘तुम्ही नव्हता तिथं?’’

ग्यानोबा सुतळी ओढत राहिला.

‘‘महिनाभर मी इचारून राहिले,’’ ती म्हणाली. ‘‘खरंच तुमच्या हातून सुटला का? दर येळी हाव म्हणलात. मी देवापुढं बसून रडले की आपल्या माणसानं दुसऱ्याचा हात घालवला. मला तरी सांगायचं व्हतं.’’

‘‘तुला सांगितलं असतं तर तू भांडायला गेली असतीस उदगीरला.’’

‘‘गेले असते!’’ ती म्हणाली आणि आत निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज येत राहिला.

ग्यानोबा माझ्याकडे वळला. ‘‘वहिनी, शक घ्यायचा होता तर घ्यायचा. पण मला इचारून घ्यायचा होता. मी काय लांब व्हतो? लिंबाखाली तर उभा व्हतो.’’

हे म्हणाले, ‘‘साहेब तुला परत बोलावणार हायेत. चल पथकात. भांडार आणि पथक एकाच आवारात हाय. रोज भेटू.’’

‘‘येतो,’’ ग्यानोबा म्हणाला. ‘‘भेटू, जेवू, समदं करू. तुझ्या पोरीच्या लग्नात मी मांडव घालीन. पण इरूपाक्ष, पुढंमागं हात चांगला झाला आन् तुला पंपावर परत घेतलं, तर तुझ्यासंगं पाइप धरणार न्हाई मी.’’

‘‘मी एकट्यानं उपसला म्हणून?’’

‘‘त्यो तर घाईचा मामला. घाई मी बी करतो. तू साहेबापुढं भिताडाकडं तोंड केलंस म्हणून, साहेबानंच सांगितलं मला. पाइप धरल्यावर समोरचा खरं बोलंल का न्हाई, एवढंच तर बघायचं असतं.’’

हे ‘‘हाव,’’ म्हणाले.

साखराबाईनं मग चहा आणला. कोरा, गुळाचा. चौघांनी प्यायला.

परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती. निलंग्याच्या पुढं रस्ता खराब, गाडी उसळत होती. ह्यांनी उजव्या हातानं वरचा दांडा धरला. दोन बोटं घट्ट आवळलेली, दोन नुसती टेकलेली. ‘‘बघ, येतंय धरता,’’ म्हणाले.

मी ‘‘हो’’ म्हटलं. पण उदगीर येईपर्यंत माझी नजर त्या दांड्यावरून हलली नाही. खरंच धरलंय, की मला बरं वाटावं म्हणून धरल्यासारखं करताहेत, तेच बघत राहिले.